आठ ओळींचे गजभिये सर

पुस्तक हातात आलं की ते उलटं करून आधी मागची बाजू वाचणारी माणसं असतात, त्यांतली मी एक. लेखकाचा फोटो, आणि त्याखाली आठ ओळींचा परिचय. त्या आठ ओळी कोणीतरी बसून लिहितं, हे मला बाविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. लेखक स्वतःच लिहीत असावेत अशी माझी समजूत होती, आणि वाचून वाटायचंही तसंच. मग सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशनात मी मुद्रितशोधनाचं काम धरलं, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्या ओळी लिहिणारा माणूस प्रत्यक्ष पाहिला. दिवाकर गजभिये. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची ओळख करून दिली. किती जणांची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांचं स्वतःचं एकुलतं एक पुस्तक निघालं तेव्हा त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी बिघडवून ठेवलं. हे सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल दुसरं काही सांगणं बरं नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

आमचं ऑफिस एका दाताच्या दवाखान्यावर होतं. एखादे कवी वर येऊन आपलं हस्तलिखित वाचून दाखवू लागले की खालून डॉक्टरांचं यंत्र सुरू व्हायचं, आणि आम्हाला हसू दाबणं अवघड जायचं. गजभिये सर मात्र कधी हसले नाहीत. उंच, सडपातळ माणूस; भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. बोलणं सावकाश. सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे. मालक अण्णांना, मला, चहावाल्याला, आणि दवाखान्याचा बोका त्यांच्या खुर्चीवर येऊन झोपला तर त्यालाही. ‘उठा आता, कामाची वेळ झाली,’ असं त्याला सांगायचे आणि तो उठेपर्यंत उभे राहायचे.

महिनाभरात अण्णांनी मला एक परिचय लिहायला सांगितला. एका निवृत्त अधिकाऱ्यांचा प्रवासवर्णनांचा संग्रह होता. मी कॉलेजात निबंधाची बक्षिसं मिळवलेली मुलगी. अर्ध्या तासात लिहून टाकला. चतुरस्र व्यक्तिमत्त्व, विपुल लेखन, अनेक मानसन्मान, मराठी वाचकांना चिरपरिचित. सरांनी तो कागद वाचला, उठले, कपाटातून दुसरंच एक पुस्तक काढलं, पाककृतींचं, आणि माझा कागद त्याच्या मागच्या बाजूला धरला. बाईंचा फोटो वर आणि माझ्या ओळी खाली. एक शब्दही बदलावा लागत नव्हता.

“बसतो की नाही बरोबर?” ते मला म्हणाले; हाक ते आडनावानेच मारायचे. “वैद्य, जो परिचय कुणालाही बसतो तो कुणाचाच नसतो. एक वाक्य तरी असं हवं, जे या एकाच माणसाबद्दल खरं आहे.”

मला राग आला. घरी जाऊन मी आईला सांगितलं की ऑफिसात एक गृहस्थ आहेत, त्यांना दुसऱ्याचं काही चांगलं म्हणवत नाही. मग दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन पुन्हा बसले. हे असं सात वर्षं चाललं.

ते एक वाक्य मिळवायची त्यांची एक पद्धत होती. ती मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. परिचय लिहून झाला की ते लेखकाच्या घरी जायचे आणि तो लेखकाला नव्हे, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवायचे. बायकोला, मुलीला, म्हाताऱ्या वडिलांना. ऐकताना त्या माणसाला हसू आलं, किंवा त्याने ‘हे कोणाबद्दल?’ म्हणून विचारलं, की कागद घडी घालून खिशात. पुन्हा लिहायचा.

पुलांचं बांधकाम करणाऱ्या एका इंजिनिअरांच्या ललितलेखांच्या वेळी त्यांनी मला सोबत नेलं होतं. परिचयात गृहस्थांनी आग्रह करून ‘निसर्गप्रेमी’ हा शब्द घालायला लावला होता. बाहेरच्या खोलीत सर वाचत होते, इंजिनिअरसाहेब मान डोलवत होते, आणि ‘निसर्गप्रेमी’ येताच स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकू हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या. गॅलरीतल्या चार कुंड्यांना पाणी घाला म्हणून त्यांना नवऱ्याला रोज सांगावं लागत होतं. सरांनी विचारलं, मग हे फिरायला जातात तेव्हा काय पाहतात? काकू म्हणाल्या, पूल. गाडी थांबवतात, खाली ओढ्यात उतरतात आणि खांबावर हात ठेवून उभे राहतात. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो तेव्हाही तेच. इंजिनिअरसाहेबांचा चेहरा पडला होता. पण पुस्तकावर ते वाक्य छापून आलं, आणि मग लोक त्यांना भेटले की खांबाला हात लावून काय कळतं तेच विचारायचे. ते इतक्या आनंदाने सांगायचे की दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी ‘निसर्गप्रेमी’चा विषयही निघाला नाही.

शनिवारी ऑफिस लवकर सुटायचं. मग सर मंडईत जायचे आणि मलाही भाजी घ्यायची असली तर बरोबर चालायचो. भाजी घेताना त्यांचा वेगळाच उद्योग चालायचा. एका गाळ्यावर उभे राहून शेजारच्या गाळ्यावरच्या माणसाबद्दल विचारायचे. एकदा मिरच्या विकणाऱ्या एका बाईंना त्यांनी विचारलं, हे शेजारचे कसे आहेत हो? बाईंनी वर न बघताच सांगितलं, “वजनात न्हाई मारत कुनाला. पर वर दोन मिरच्या मागून बघा, द्यायचा न्हाई.”

सर तिथेच थांबले. “ऐकलंत?” मला म्हणाले. “आपण आठ ओळी घेतो आणि तरी एवढं सांगता येत नाही.” पुढे आठवडाभर ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

परिचयात दोन गोष्टी ते शक्यतो येऊ देत नसत. एक पुरस्कारांची यादी आणि दुसरी जन्मगाव. पुरस्कारांबद्दल अण्णांचं काही म्हणणं नव्हतं, मागचा कागद लहान, जागा वाचते. पण जन्मगाव वाचकांना हवं असतं, असं ते म्हणायचे. यावर सर एकदाच सविस्तर बोलले. म्हणाले, “लोकांना आडनाव आणि गाव शेजारी शेजारी ठेवायला आवडतं, अण्णा. तेवढं ठेवलं की पुस्तक उघडण्याआधीच त्यांचं निम्मं वाचून झालेलं असतं.” अण्णा चांगले गृहस्थ होते, पण हे त्यांना समजलं असं वाटलं नाही. मला समजलं. कारण मी कामावर रुजू झाले त्या दिवशी, ‘गजभिये’ हे आडनाव ऐकल्यावर, मीही मनातल्या मनात तेच केलं होतं. नागपूरकडचे, बौद्ध असणार, असं. एका मिनिटात माझं त्यांच्याबद्दलचं वाचन झालं होतं. आमच्याकडे येणारे काही लेखक तर तोंडावरच विचारायचे. एकाने विचारलं, गजभिये म्हणजे तिकडचे का? सर म्हणाले, हो, आणि आपण? ते गृहस्थ म्हणाले, आम्ही इथलेच, चार पिढ्या. “बरं आहे,” सर म्हणाले, “म्हणजे प्रुफं न्यायला तुम्हाला लांबून यावं लागणार नाही.”

त्यांची पद्धत एकदा फार महागात पडली. त्यांना नव्हे, दुसऱ्या एका बाईंना. बिबवेवाडीत राहणाऱ्या कांचन ढमाले नावाच्या बाईंच्या गोष्टी आमच्याकडे आल्या होत्या. घरातच बॅगा शिवायचा कारखाना, नवरा आणि दीर मशिनवर, या चेनी लावायच्या. गोष्टी इतक्या चांगल्या होत्या की सरांनी त्या एका बैठकीत वाचून काढल्या. परिचयासाठी ते त्या भागातल्या वाचनालयात जाऊन आले, कारण बाई रोज दुपारी तिथे बसून लिहायच्या. ‘दुपारी दोन ते चार, वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या बाकावर या गोष्टी लिहिल्या गेल्या,’ असं वाक्य त्यांनी लिहिलं, आणि नेहमीप्रमाणे घरी गेले. बाई घरी नव्हत्या. सासूबाईंनी बसवलं, पाणी दिलं, परिचय ऐकला. पुस्तक निघणार आहे हे त्यांना माहीत होतं, आणि घरकाम उरकून सून रात्री काहीतरी लिहीत असते अशी त्यांची समजूत होती. त्या म्हणाल्या, दुपारची ती वाचनालयात नसते, भजनी मंडळात जाते. सरांना ही नेहमीचीच दुरुस्ती वाटली. ते म्हणाले, नाही, वाचनालयातच. मी स्वतः तो बाक पाहून आलोय.

दोन दिवसांनी कांचनबाई ऑफिसात आल्या. वही परत मागायला. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. सर उभेच राहिले. बाई म्हणाल्या, “गोष्टी माझ्याच हायेत सर, पण दुपार माझी नव्हती. ती मी चोरून आणत हुते. ती तुम्ही परत देऊन आलात.”

त्या गेल्यावर सर बराच वेळ खाली बसले नाहीत. नंतर दोनदा बिबवेवाडीला गेले, दोन्ही वेळा नवऱ्याने दारातूनच वाटेला लावलं. दीडेक वर्षाने त्या बाईंनी वही टपालाने पाठवून दिली, सोबत चिठ्ठी नव्हती. ते पुस्तक निघालं तेव्हा मागच्या बाजूला फक्त त्यांचं नाव होतं, एकही ओळ नाही. तेव्हापासून सरांनी एक भर घातली. लेखकाला आधी विचारायचं, हे कुणाला वाचून दाखवू? आणि तो म्हणाला कुणालाच नको, तर कुणालाच नाही. ‘माणसाबद्दल खरं लिहिलं की झालं, असं मला वाटायचं,’ असं ते एकदा म्हणाले. ‘ते कुणाचं आहे हे मी विचारतच नव्हतो.’

तोवर पुणं बदलायला लागलं होतं. अण्णांचा मुलगा मंदार शिकून आला आणि ऑफिसात संगणक, रंगीत मुखपृष्ठं आणि ‘मार्केटिंग’ हा शब्द घेऊन आला. माझ्या वर्गातली निम्मी मुलं सॉफ्टवेअरमध्ये गेली, आणि ज्यांना प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता त्यांनाही तिथे काही ना काही काम मिळायला लागलं. मलाही मिळालं. इंटरनेटवर मराठी पुस्तकं विकणारी एक कंपनी निघाली होती, तिथे लेखकांची पानं लिहिण्याची नोकरी. मराठी अक्षरं निम्म्या लोकांच्या पडद्यावर चौकोनच दिसायची, पण आम्ही अमेरिकेतल्या मराठी माणसाला पुस्तक विकणार होतो, त्यामुळे कुणाला फिकीर नव्हती. पहिल्याच दिवशी मला एक तक्ता दिला. जन्मतारीख, जन्मगाव, शिक्षण, पुरस्कार, आणि शेवटी ‘लेखकाचा प्रवास’, किमान दीडशे शब्द. मी तो सरांना नेऊन दाखवला. त्यांनी नीट वाचला आणि म्हणाले, “यात माणूस कुठल्या रकान्यात भरायचा?” मी हसले. पगार दुप्पट होता.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सरांनी एक वही मंदारकडे दिली. पुस्तकाचं नाव, ‘तलावाच्या पाळीवरून’. त्यांच्या भंडारा जिल्ह्यात जुने तलाव पुष्कळ आहेत, आणि तलावाच्या बांधाला तिकडे पाळ म्हणतात. पुस्तक त्या तलावांबद्दल होतं. पाणी कुठून येतं, पाळीवर कुठली झाडं लावतात, पावसाळ्यात मासे धानाच्या शेतात कसे चढतात, ढिवर लोक जाळी कशी विणतात, आई मरळ मासा कसा करायची. मंदारने मुद्रितं तपासायला माझ्याकडेच पाठवली, जुन्या ओळखीने. मी ती दोनदा वाचली. इतकं शांत, भरलेलं पुस्तक मी त्या वर्षात दुसरं वाचलं नव्हतं.

परिचयाचा मात्र घोळ झाला. मंदारला वाटत होतं की सरांनी आपला संघर्ष लिहावा. ‘सर, लोकांना तुमचा प्रवास हवा असतो,’ असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सर म्हणत होते, पुस्तक तलावांबद्दल आहे. इतरांच्या आठ ओळी दोन दिवसांत लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या लिहायला दीड महिना लागला. धनकवडीला त्यांच्या घरी गेले की टेबलावर खोडलेले कागद दिसायचे. त्यांच्या पत्नी शालिनीताई, त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, म्हणायच्या की यांनी झोपेतही ओळी मोजायला सुरुवात केलीय. सरांना एकच हवं होतं, आणि ते त्यांनी मला सरळ सांगितलं होतं. आयुष्यात एकदा कुणीतरी आपलं आडनाव वाचावं आणि त्याला पहिल्यांदा तलाव आठवावा.

अखेर छापून आलं ते असं: ‘दिवाकर गजभिये पुण्यात राहतात. चाळीसहून अधिक तलावांची नावं आणि वाटा त्यांना पाठ आहेत. पाण्याकडे तासन्‌तास पाहत बसणं त्यांना आवडतं. त्यांना पोहता येत नाही.’ एवढंच. आठ ओळीही भरल्या नाहीत. पोहता येत नाही हे वाचून मला गंमत वाटली. वाचकांनाही वाटेल, असं वाटलं.

मग मंदारने आमच्या कंपनीला पुस्तक पाठवलं. त्याचं पान करायला माझ्याकडेच आलं, आणि दीडशे शब्द हवे होते.

आता जे सांगायचं ते नीट सांगते. मला सरांबद्दल फार वाटत होतं. सात वर्षं चहा पिताना, मंडईतून चालताना त्यांनी तुकड्यातुकड्याने जे सांगितलं होतं ते माझ्यापाशी होतं. वाटलं, हा माणूस स्वतःबद्दल कधी बोलणार नाही, आपण बोललं पाहिजे. मी लिहिलं: भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात दलित कुटुंबात जन्म. उपासमार आणि अवहेलना सोसत शिक्षण. घराण्यातले पहिले पदवीधर. वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला. पुण्यातल्या साहित्यविश्वात पडद्यामागे राहून आयुष्यभर सेवा. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हेही खरं. पान चढवलं. त्यांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी पेन्सिल घेतली असती, हे मला पक्कं माहीत होतं. शालिनीताईंना फोनवर वाचून दाखवायलाही पाच मिनिटं पुरली असती. पण मी मनाशी म्हटलं, घरी वाचून दाखवून काय होतं ते बिबवेवाडीला पाहिलंय की. माणूस स्वतःला फसवायला किती चांगली कारणं शोधतो.

पुस्तक चाललं. वर्तमानपत्रांत दोन-तीन ठिकाणी परीक्षणं आली आणि सगळ्यांनी माझं पान पुढ्यात ठेवून लिहिलेली होती. एका ग्रंथालयाने सरांना बोलावलं. सभागृह भरलं होतं. सूत्रसंचालक बाईंनी माझे दीडशे शब्द छापून आणले होते, ते त्यांनी भावपूर्ण आवाजात वाचले. मी तिसऱ्या रांगेत बसून अभिमानाने ऐकलं. सर वीस मिनिटं तलावांवर बोलले, छान बोलले. मग प्रश्न. पहिला प्रश्न, लहानपणी किती सोसावं लागलं? दुसरा, शिक्षणाची प्रेरणा? तिसऱ्या एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं की त्या उपासमारीच्या दिवसांबद्दल काही सांगा.

“त्याबद्दल मला फारशी माहिती नाही,” सर म्हणाले.

सभागृहात कौतुकाचं हसू पसरलं. केवढी विनम्रता, असं माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या. मलाही तेच वाटलं. तलावांबद्दल त्या दिवशी कुणी एकही प्रश्न विचारला नाही.

पुढच्या रविवारी मी पेढे घेऊन धनकवडीला गेले. टेबलावर माझं पान छापलेलं होतं, आणि एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. सरांनी तो कागद माझ्याकडे वळवला. त्यांच्या बोलण्यात एरवी तिकडचा शब्द येत नसे, तो त्या दिवशी आला.

“वैद्य, हा शब्द काहून घातला?”

शब्द होता ‘उपासमार’. मी म्हटलं, त्या काळात, त्या परिस्थितीत…

“आम्ही उपाशी नव्हतो,” ते म्हणाले. “वडील धानाच्या गिरणीत कामाला होते. भात असायचा. पाऊस लागला की शेतात मासे यायचे. आई ते कसे करायची यावर माझं अख्खं प्रकरण आहे. तुम्हीच तपासलंत.”

तपासलं होतं. त्या प्रकरणातल्या वेलांट्या मी दुरुस्त केल्या होत्या. तीन पानं त्या घरातला रात्रीचा स्वयंपाक होता, चुलीवरचा भात, मातीच्या भांड्यातली मरळ, पुरे म्हटलं तरी आई वाढायचीच. दोनदा वाचून, वास यावा इतकं वाचून, मी लिहायला बसले आणि लिहिलं उपासमार. आडनाव आणि गाव शेजारी ठेवलं आणि उरलेलं आपोआप भरलं. दुसऱ्या कुणाचाही परिचय असता तर मी हे केलं नसतं. मला माझी इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“बाकीचं खरं आहे,” सर म्हणाले. “तलावाच्या घाटावर आम्हाला उतरू देत नव्हते. ते पुस्तकात आहे, एक पान. तेवढीच जागा मला त्याला द्यायची होती. तुम्ही सगळी दिलीत.”

मला एकदम पोहण्याचं ते वाक्य आठवलं. ज्या मुलाला घाटावरून पाण्यात उतरू दिलं नाही तो पोहायला कुठे शिकणार? त्यांनी ते सांगितलं होतं, आपल्या पद्धतीने, आणि मी गंमत म्हणून वाचलं होतं. शालिनीताई चहा घेऊन आल्या. त्या माझ्यावर चिडलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “आमच्या सासूबाई आता नाहीत म्हणून. नाहीतर त्यांना फार लागलं असतं हो. पोराला उपाशी ठेवलं म्हणे.”

सोमवारी सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या मी ते पान काढून टाकलं आणि सरांच्या चार ओळी जशाच्या तशा घातल्या. दीडशे शब्द नाहीत म्हणून साहेब बोलले, बोलू दिलं. पण पुस्तकाची आवृत्ती बदलता येते तसं हे नव्हतं. तोवर माझा मजकूर दुसऱ्या दुकानांच्या पानांवर, लोकांच्या ब्लॉगवर, कुठल्या कुठल्या यादीत जाऊन बसला होता. मी सगळ्यांना मेल लिहिले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने मात्र तत्परतेने दुरुस्ती केली, ‘उपासमार’ काढून ‘अर्धपोटी’ लिहिलं.

मंडईजवळच्या बसथांब्यावर सर भेटले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. खूप दिवसांनी भेटत होते. थकले होते, पण मनगटाची बटणं लावलेली होती. पिशवीत पालेभाजी होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चला, अर्धं पोट भरलं.” मग हसले. मी त्यांना असं हसताना क्वचितच पाहिलं होतं. मला वाटतं, मला बरं वाटावं म्हणून हसले. धनकवडीची बस आली, ते पिशवी सांभाळत चढले, आणि गर्दीत मला दिसेनासे झाले.

त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर आतल्या पानावर फोटोसह बातमी होती. उपासमार आणि अवहेलना सोसत शिक्षण. पडद्यामागे राहून आयुष्यभर सेवा. माझाच मजकूर, शब्दन्‌शब्द. शालिनीताई आता तो वाचत असतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी वर्तमानपत्राच्या ऑफिसला फोन लावला. उपसंपादक सभ्यपणे बोलत होते. मी म्हटलं, बातमीत चूक आहे, दुरुस्ती छापा. त्यांनी विचारलं, कशावरून? इंटरनेटवर सगळीकडे असंच आहे, मॅडम.

मी म्हटलं, “ते मीच लिहिलंय.”

“तुम्ही लिहिलंय?” ते म्हणाले. “मग तर बरोबरच असणार.”

“नाही हो,” मी म्हटलं. “ते रोज पोटभर जेवत होते. त्यांची आई पुरे म्हटलं तरी वाढायची.”

पलीकडे उपसंपादकांनी वर्तमानपत्र उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, बघतो.